सांधा बदलताना

मागच्या अंकात ‘कामाच्या धबडग्यातली सजगता’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची होती: सजगतेविषयी ऐकतो, वाचतो, पटतेही; पण तिच्यासाठी वेळ कुठून आणायचा? म्हणून ज्यांना खुर्चीतून उठायलाही सवड मिळत नाही, अशांच्या पत्रांना निवडीत झुकते माप दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी एका बँकेच्या शाखेत रोखपाल आहे. सकाळी काउंटर उघडल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान वर करायला मिळत नाही. आमच्याकडे झालेल्या एका व्याख्यानात रोज वीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले. समोर पंधरा माणसांची रांग असताना मी डोळे मिटू कशी? घरी गेले की स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास असतोच. माझ्यासारखीने हा नाद सोडून द्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सोडू नये. मात्र व्याख्यात्यांनी सांगितलेली गोष्ट निराळी आणि तुम्हाला हवी आहे ती निराळी, एवढे आधी लक्षात घ्यावे. तुम्ही सांगलीच्या आहात, तेव्हा कुस्तीचाच दाखला देतो. वीस मिनिटांची बैठक म्हणजे तालीम. ती जमली तर उत्तमच, कारण तिथली मेहनत पुढे फडावर कामी येते. पण फडावर उतरलेल्या मल्लाला कोणी जोर मारायला सांगत नाही. त्याने पायाखालची माती आणि समोरच्याचे खांदे यांचे भान ठेवायचे असते. कामाच्या वेळेतली सजगता ही या दुसऱ्या प्रकारची असते. जे चालले आहे ते चाललेले असतानाच आपल्याला कळावे, आणि कळल्याबरोबर त्यावर चांगले-वाईट असा शिक्का मारण्याची घाई करू नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

हे भान दिवसभर अखंड राहत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. ते कुठे आणायचे, ती जागा मात्र ठरवून घेता येते. रेल्वेगाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तिथे सांधा असतो. मुख्य मार्ग सोडून बाजूच्या मार्गावर शिरणाऱ्या गाडीला बहुतेक स्थानकांत वेग ताशी ३० किलोमीटरवर किंवा त्याहूनही खाली आणावा लागतो. सिग्नल दिसला की चालक आणि सहायक चालक तो एकमेकांना मोठ्याने उच्चारून सांगतात. सिग्नल दोघांनाही दिसत असतो, तरीही तो उच्चारायचा असा नियम आहे. कारण डोळ्यांना दिसलेले मनापर्यंत पोचतेच असे नाही. आपण दिवसभरात असे पन्नास सांधे बदलतो आणि एकाही ठिकाणी वेग कमी करत नाही.

एक ग्राहक खिडकीवरून बाजूला होतो आणि दुसऱ्याची स्लिप आत सरकते, यांमधले दोन-चार सेकंद हा तुमचा सांधा. सही जुळली नाही म्हणून चौथा ग्राहक आवाज चढवून गेलेला असतो. पाचव्या क्रमांकावर पेन्शन काढायला आलेल्या आजीबाई असतात आणि हयातीचा दाखला कुठे द्यायचा, असे त्या तिसऱ्यांदा विचारतात. तुमच्या तोंडून जे उत्तर जाते ते खरे म्हणजे चौथ्या ग्राहकाला द्यायचे राहून गेलेले असते. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते नेमके या सांध्यावर.

तिथे करायचे ते अगदी थोडे आहे. काउंटरच्या उंच खुर्चीच्या आडव्या दांडीवर पाय टेकलेले असतात. तळव्यांना लागणारी ती दांडी जाणवू द्या, आणि आत घेतलेला श्वास नेहमीपेक्षा थोडा लांबवून सोडा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हे आपोआप घडत असते, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. स्वस्थ असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे थोडा लांबवलेला एक श्वासही चार-पाच सेकंदांत आटोपतो. तेवढ्या वेळात रांगेतला माणूस खिडकीपर्यंत पोचलेलाही नसतो.

दुसरी खूण तुमच्या हातातच आहे. ५०० रुपयांच्या नोटेच्या डाव्या आणि उजव्या कडेला पाच-पाच तिरक्या रेषा असतात, १०० च्या नोटेला चार-चार. दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून त्या उठावदार छापलेल्या असतात. तुमचा अंगठा दिवसातून शेकडो वेळा त्यांच्यावरून जातो आणि तुम्हाला एकदाही जाणवत नाही. प्रत्येक ग्राहकाची शेवटची नोट हाताळताना त्या रेषा अंगठ्याला लागू द्या. मोजणी तोवर पूर्ण झालेली असल्यामुळे चूक होण्याची भीती नाही. उलट मोजणी चालू असताना श्वासाकडे लक्ष नेऊ नये. त्या वेळी मोजणी हीच तुमची सजगता आहे, आणि रोकड कमी पडली तर ती खिशातून कुणाला भरावी लागते हे मी तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात हे सगळे बहुधा विसरायलाच होईल आणि संध्याकाळी रोकड जुळवताना आठवेल. आठवले तेव्हा एकदा करावे आणि पुढे चालावे. मी महाविद्यालयात शिकवत असताना दोन तासांच्या मधल्या वेळात खडूने माखलेली बोटे धुवायला व्हरांड्यातल्या नळावर जात असे. आधीच्या वर्गावरची चिडचिड ज्या दिवशी तिथे धुतली गेली नाही, त्या दिवशी पुढच्या वर्गातल्या निरपराध पोरांनी ती सोसली. नळ रोज तिथेच होता, मीच पुष्कळदा हात न धुता पुढच्या वर्गावर गेलो.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअर अभियंता आहे. सकाळी दहापासून काम सुरू होते आणि रात्री अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर कॉल असतो. तीन महिने एका ॲपच्या मदतीने रोज दहा मिनिटे श्वास मोजतो आहे, पण दहापर्यंतचे आकडे एकदाही सलग मोजता आलेले नाहीत. चार-पाचच्या आसपास मन एखाद्या बगमध्ये नाहीतर घराच्या हप्त्यात जाऊन बसलेले असते. माझे मन मुळातच जास्त चंचल आहे का? दिवसभर चॅटचे टिंगटिंग चालू असते ते वेगळेच. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मन चार-पाचच्या आसपास निसटते, हे तुम्हाला नेमके ठाऊक आहे. ज्याचे मन निसटते आणि निसटल्याचा त्याला पत्ताच लागत नाही, तो असे वाक्य लिहू शकत नाही. श्वास मोजण्याच्या या सरावात दहा हा आकडा केवळ खुंटीसारखा आहे. मन गेले आहे हे ध्यानात येणे आणि त्याला न रागावता परत आणणे, हा खरा व्यायाम. दहा मिनिटांत तीसदा मन गेले आणि तीसदा परत आणले, तर तो तीस वेळा केलेला व्यायाम झाला. ॲप वापरणारी मंडळी त्यालाच तीस वेळा नापास होणे समजतात आणि महिनाभरात ॲप काढून टाकतात. तुम्ही तीन महिने टिकलात, हे विशेष.

चंचलतेत तुम्ही एकटेही नाही. हार्वर्ड विद्यापीठातले मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे २,२५० प्रौढांना दिवसात अवचित वेळी आयफोनवरून विचारले होते की, तुम्ही आत्ता काय करत आहात, आणि मन त्याच कामात आहे की दुसरीकडे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे असल्याचे उत्तर आले. मन दुसरीकडे असताना लोक तुलनेने कमी आनंदी असल्याचेही त्यांना आढळले.

तुमच्या बाबतीत अडचण वेगळीच असावी, असा माझा कयास आहे. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयात काम करणाऱ्यांच्या लक्षाचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. पुढे तोच काळ ४७ सेकंदांपर्यंत खाली आलेला दिसला. म्हणजे सकाळी दहा मिनिटे लक्ष परत आणण्याचा सराव करायचा आणि पुढचे दहा तास ते उधळण्याचा. दहा मिनिटे विहीर खणून दिवसभर तीच बुजवत बसल्यावर पाणी लागणार कसे?

तेव्हा ॲपवरची मिनिटे वाढवण्यापेक्षा कामाच्या वेळेतली एखादी हालचाल पकडा. बिल्ड (लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम तयार होणे) चालू असते, पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत असते, आणि तेवढ्यात हात टेबलावरच्या मोबाइलकडे जातो. मोबाइल उचलला जातो, अंगठा पडद्यावर फिरतो आणि मग कळते की उचलला. एक आठवडा एवढेच करा की, निघालेला हात मध्येच दिसला पाहिजे. मोबाइल घ्यायला बंदी नाही. हात दिसल्यावर वाटले तर खुशाल घ्यावा. तीन-चार दिवसांत असे जाणवेल की हात निघण्याच्या आधी काहीतरी असते. कधी कंटाळा, कधी कोडमध्ये अडल्याची बारीक भीती, कधी केवळ तहान. ते दिसू लागले की हाताला लगाम घालण्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात.

चॅटच्या टिंगटिंगीचे औषध निम्मे तांत्रिक आहे. सूचनांचा आवाज बंद करून संदेश ठरावीक वेळी पाहणे याला मी सजगता म्हणणार नाही, तो साधा शहाणपणा झाला. उरलेल्या निम्म्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लक्षाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक सोफी लेरॉय यांचे काम उपयोगी आहे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यावर गेलो की लक्षाचा काही अंश मागच्या कामावरच रेंगाळत राहतो, हे त्यांनी २००९ साली दाखवले. दुसरीकडे वळण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची हे थोडक्यात लिहून ठेवले, तर हे रेंगाळणे कमी होते, असेही त्यांच्या पुढच्या संशोधनात आढळले. म्हणून कोणी चॅटवर ‘दोन मिनिटे आहेत का?’ असे विचारले की उत्तर देण्याआधी कोडमध्येच एक ओळ लिहा: ‘रक्कम रिकामी आली तर काय, इथे थांबलो, आधी जुनी चाचणी चालवून पाहणे.’ याला पंधराच सेकंद लागतात, आणि हाही सांधाच आहे.

रात्रीच्या कॉलनंतर लॅपटॉप मिटताना दोन्ही हातांनी मिटावा आणि खोलीतून बाहेर पडताना फोन तिथेच ठेवावा. याहून जास्त काही रात्री अकरा वाजता करू नये, झोपावे.

प्रश्न : वाईमध्ये माझे किराणा दुकान आहे. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून नामस्मरण करतो. मुलगी म्हणते, बाबा, माइंडफुलनेस (सजगता) करा. हे आपलेच जुने काहीतरी नवे नाव लावून परत आले आहे ना? मग मला वेगळे करण्याची गरज आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, वाई)

उत्तर : आपले म्हणणे अर्धे खरे आहे. पाली भाषेत ‘सति’ असा शब्द आहे, त्याचे संस्कृत रूप ‘स्मृति’. बुद्धाच्या उपदेशात शरीर, वेदना (म्हणजे सुखदुःखाच्या संवेदना), चित्त यांच्याकडे स्मृती ठेवून पाहण्याचा सविस्तर मार्ग सांगितला आहे. पाली ग्रंथांचे अभ्यासक टी. डब्ल्यू. रीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द योजला, आणि तो रूढ झाला. १९७९ साली अमेरिकेतल्या वूस्टर शहरात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबाट-झिन यांनी दीर्घकालीन दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आज कंपन्यांतून आणि ॲपमधून जे शिकवले जाते, ते बहुतांशी त्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाच्या कुळातले आहे. आपल्या महाराष्ट्रात याचे मूळ रूपाशी अधिक जवळचे नाते इगतपुरीत दिसते. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, त्यांनी विपश्यना ध्यानाचे पहिले शिबिर मुंबईत घेतले, आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र आकाराला आले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात साधकांना मौन पाळावे लागते.

तेव्हा शब्दाचे मूळ इथले आहे, आजचे स्वरूप रुग्णालयातून घडून आले आहे. पण नामस्मरण आणि सजगता एकच आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. नामात मनाला बसायला एक पाट मांडून दिलेला असतो. सजगतेत मन कुठे जाऊन बसले आहे ते पाहायचे असते. आपण एक गोष्ट तपासून पाहावी. चाळीस वर्षांच्या सरावाने तोंडात नाम, डोळे वजनकाट्यावर आणि मन उधारीच्या वहीत, असे होते का? होत असल्यास त्यात लाजण्यासारखे काही नाही. सवय पक्की झाली की ती माणसाशिवायही चालू राहते.

तसे असेल तर नाम सोडण्याऐवजी ते एका ठिकाणी जागे करावे. गिऱ्हाइकाला साखर देताना आपण पिशवी काट्यावर ठेवून डावाने साखर ओतता. आकडे पळू लागतात, शेवटच्या चिमटीला थोडे मागेपुढे होतात आणि मग स्थिरावतात. ते स्थिरावेपर्यंत नाम, आकडा आणि आपण एका जागी असावे. दिवसात शंभर वेळा काटा स्थिरावतो. दहा वेळा साधले तरी पुष्कळ झाले.

मुलीला आणखी एक सांगता येईल. पूर्वी जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत आणि मगच पहिला घास घेत. त्यामागचा भाव धार्मिक होता, हे खरेच. पण भुकेलेला माणूस आणि वाढलेले ताट यांच्यामध्ये क्षणभर थांबण्याची ती पक्की सोय होती. आता त्या जागी मोबाइल आला आहे.

प्रश्न : मी परिचारिका आहे. एका रुग्णाचे दुःख मनात घेऊन दुसऱ्या खाटेकडे जाते आणि तिथून तिसऱ्या. ड्युटी संपेपर्यंत मन बधिर होते. आम्हाला पाच मिनिटे शांत बसायला जागाही नसते. काय करावे? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : ज्या व्यवसायाने सांध्यावर थांबणे नियमातच बसवले आहे, असा तुमचा व्यवसाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क येण्याची शक्यता असेल त्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. साबण-पाण्याने पूर्ण पद्धतीने हात धुवायला ४० ते ६० सेकंद, द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. हा वेळ तुमच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, कारण तो जंतूंसाठी राखून ठेवलेला आहे. त्यातलाच थोडा तुम्ही स्वतःसाठी वापरायचा.

तळव्यावर तळवा, बोटांच्या बेचक्या, मग अंगठा मुठीत धरून फिरवणे, शेवटी नखे तळव्यावर घासणे: हा क्रम तुमच्या हातांना पाठ आहे, म्हणूनच तो होत असताना मन पुढच्या सलाइनकडे पळते. त्यातली एकच पायरी निवडा, अंगठ्याची म्हणू या, आणि तेवढ्यात पाण्याचा स्पर्श घ्या. चंद्रपूरला मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी दुपारी चटका देते आणि पहाटेच्या पाळीत तेच सुखद लागते; तो फरक जाणवला म्हणजे तुम्ही त्या क्षणी नळापाशी होतात. मग मनात एवढेच म्हणा: ‘आठ नंबरचे आजोबा.’ पुढच्या रुग्णाचे नाव किंवा खाट, बस. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा तपासणीत याचेच मोठे रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या त्या यादीनुसार चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचे आणि रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती हे मोठ्याने सांगायचे असते.

एक मात्र करू नये. वॉर्डात मृत्यू झाला असेल, विशेषतः लहान मुलाचा, तर ते दुःख श्वास मोजून दाबू नये. पाळी बदलताना ज्या सहकारी परिचारिकेकडे काम सोपवता, तिला रुग्णांच्या नोंदींबरोबर ‘आज मला जड गेले’ हेही एका वाक्यात सांगावे. बधिरपणा दुःखाने कमी आणि ते कुठेच न सांगितल्याने जास्त येतो, असे मला अनेक परिचारिकांशी बोलताना दिसले आहे.

प्रश्न : कार्यालयातल्या सत्रात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की माझी छाती धडधडते आणि गुदमरल्यासारखे होते. प्रशिक्षक म्हणतात, चिकाटी ठेवा. ठेवू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ठेवू नका. काही माणसांना डोळे मिटून शरीराच्या आत लक्ष नेले की भीती वाढते, विशेषतः पूर्वी एखादा धक्का बसला असेल किंवा घबराटीचे झटके येत असतील तर. अशांनी डोळे उघडे ठेवून लक्ष बाहेर ठेवावे: पंख्याचा आवाज, खिडकीतून दिसणारे झाड, बुटातल्या पायांना लागणारी जमीन. तेही नको वाटले तर सत्रातून उठून पाणी प्यायला जावे, त्यात कमीपणा नाही. धडधड एरवीही होत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मनावरचा ताण असह्य होत असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : आमच्या कंपनीत दर शुक्रवारी चार वाजता सजगतेचे सत्र असते आणि सहा वाजता पुढच्या आठवड्याचे वाढीव टार्गेट ईमेलने येते. दोन माणसे सोडून गेली, त्यांच्या जागा भरलेल्या नाहीत. सत्रात ‘ताण तुमच्या प्रतिक्रियेत असतो’ असे सांगतात. माझी प्रतिक्रिया चुकते आहे का? (एक वाचक, चाकण)

उत्तर : तीन माणसांचे काम एकाने केले तर थकवा येतो, हा प्रतिक्रियेचा दोष नव्हे, अंकगणित आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ध्यानाच्या कार्यक्रमांवरील ४७ चाचण्यांचा, म्हणजे साडेतीन हजारांवर व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत सजगतेच्या कार्यक्रमांनी माफक सुधारणा होते, असे त्यात आढळले. व्यायाम, औषधे किंवा इतर मानसोपचार यांपेक्षा ते सरस ठरतात याचा मात्र पुरावा मिळाला नाही. माफक उपयोगाची ही चांगली गोष्ट आहे. रिकाम्या जागा भरण्याचे काम तिच्यावर सोपवणे म्हणजे तहानलेल्याला पाण्याचे वर्णन ऐकवणे.

विश्रांती या प्रांतात कोणाला श्वासाच्या व्यायामाने मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना संघटित करून मागण्या मांडल्या. त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, हीसुद्धा मागणी होती. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. शुक्रवारी चार वाजता डोळे मिटून बसताना हा इतिहास आठवायला हरकत नसावी.

तरीही सत्राला जाऊ नका असे मी सांगणार नाही, कारण सजगतेचा एक उपयोग ती शिकवणाऱ्यांच्या फारसा ध्यानात नसतो. आपल्याला नेमके काय आणि केव्हा होते, हे ती बारकाईने दाखवते. ‘फार ताण आहे’ या तक्रारीवर वरिष्ठांकडे उत्तर तयार असते. म्हणून दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. खांदे वर चढले आहेत, जबडा आवळला आहे, दुपारचे जेवण उभ्याने झाले, असे लक्षात आले की वेळ आणि प्रसंग लिहा, मत लिहू नका. ‘मंगळवार, ५.४०. तिसऱ्या लाइनचा अहवाल मागितला. तो भरणारा माणूस मार्चमध्ये गेला. मी भरला, ७.१५ ला संपला. मान दुखते.’ दोन आठवड्यांत अशा पंधरा-वीस नोंदी होतील आणि त्यांतल्या किती नोंदी त्या दोन रिकाम्या खुर्च्यांपाशी येऊन थांबतात ते मोजता येईल. तो आकडा तुमच्या सहकाऱ्यांच्या आकड्यांबरोबर व्यवस्थापकांपुढे ठेवा. त्यांना सवड नसेल तर शुक्रवारी चार वाजता तेही सत्राला येतातच.